भरलेली बिस्किटं: आधी सारणातलं पाणी आवरा

भरलेल्या बिस्किटांचा माझा पहिला ट्रे ओव्हनमधून बाहेर आला तेव्हा त्यावर बिस्किटं कमी आणि जॅमचं तळं जास्त होतं. काठ उकललेले, बाहेर आलेला जॅम कागदावर काळा पडलेला आणि पारी आतून कच्ची. माणसं यायला दोन तास उरले होते. शेवटी दुसऱ्या ट्रेला साधीच बिस्किटं भाजली, जॅम शेजारी वाटीत ठेवला आणि वेळ मारून नेली. बरेच दिवस मला वाटत राहिलं की माझं भाजण्याचं गणित चुकलं. खरं तर जॅम पातळ होता, एवढंच.

बिस्किट ही मुळात कोरडी वस्तू. तो शब्दच ‘दोनदा भाजलेलं’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून आला आहे. सारण मात्र ओलं. ते ओव्हनमध्ये उकळतं आणि फट सापडेल तिथून बाहेर येतं. तिथून वाचलं, तर डब्यात हळूहळू पारीला ओलावा देतं आणि बिस्किट सादळतं. म्हणून या लेखात पिठापेक्षा सारणावर जास्त बोललो आहे. पीठ एकदा जमलं की जमतं, सारण दर वेळी नव्याने तपासावं लागतं.

माणसं किती, आकार कोणता

समोर आणखी गोडाचे पदार्थ असतील तर माणशी दोन, नसतील तर तीन बिस्किटं धरा. खालच्या मापात ७ सेंटिमीटरच्या चकतीची साधारण ३५ अर्धचंद्राकृती बिस्किटं होतात. जास्त हवी असतील तर दुप्पट पीठ एकाच भांड्यात भिजवण्याऐवजी तेच माप दोनदा करा. हाताने मोठा घाणा एकसारखा होत नाही.

अर्धचंद्र दिसायला देखणा, पण वेळखाऊ. पस्तीस बिस्किटं लाटून, भरून, काठ दाबून होईपर्यंत सहज तास जातो. माणसं पंचवीसच्या वर असतील तर माझा सल्ला स्पष्ट आहे: अर्धचंद्राच्या नादी लागू नका, गुंडाळी करा. म्हणजे पिठाच्या लांब पट्टीत सारण भरायचं, नळी करून अख्खी भाजायची आणि मग कापायची. मुलं मदतीला असतील तर अंगठ्याने खड्डा पाडायची बिस्किटं करा, त्यात बिघडण्यासारखं फारसं नसतं. आणि सारणाची धास्तीच असेल तर जोडबिस्किटं करावीत. त्यात पारी आधी भाजून घेतात आणि सारण मागाहून लावतात, त्यामुळे ते ओव्हनमध्ये जातच नाही.

पारीचं पीठ

- मैदा ३०० ग्रॅम
- बिनमिठाचं बटर २०० ग्रॅम
- पिठीसाखर १०० ग्रॅम
- अंड्याचा पिवळा बलक १, किंवा थंड दूध २ टेबलस्पून
- मीठ पाव टीस्पून
- व्हॅनिला अर्क १ टीस्पून

साखर एक भाग, बटर दोन भाग, मैदा तीन भाग, असं हे लक्षात ठेवायला सोपं आणि जुनं प्रमाण आहे. ते वजनाचं आहे, वाटीचं नाही. एकाच कपात मैदा अलगद भरला तर १२० ग्रॅम बसतो आणि दाबून भरला तर १५० ग्रॅमपर्यंत जातो. एवढ्या फरकाने पारी भुसभुशीत तरी होते किंवा दगड तरी. त्यामुळे एक छोटा वजनकाटा घ्याच. पहिल्यांदाच अर्धचंद्र करणार असाल तर बटर १७५ ग्रॅमवर आणा. बिस्किट किंचित कमी खुसखुशीत होतं, पण पारी दुमडताना फाटत नाही.

यात बेकिंग पावडर नाही आणि ती मुद्दाम नाही. पारी फुगली की दाबलेला काठ सैल होतो. साखरही पिठीच हवी. दाणेदार साखर ओव्हनमध्ये वितळते, तेव्हा बिस्किट जास्त पसरतं.

बटर १८ ते २० अंश सेल्सिअसला असावं. थर्मामीटर नसेल तर बोट दाबून पाहा. खळगा पडला पाहिजे, पण बटर चकाकता कामा नये. चकाकलं म्हणजे ते जास्त मऊ झालं, परत फ्रीजमध्ये ठेवा. बटर आणि पिठीसाखर एकजीव होईपर्यंतच फेटा, मिनिट-दोन मिनिटं पुरे. केकसाठी फेटतात तसं पांढरं, हलकं होईपर्यंत फेटलं तर त्यात हवा भरते आणि ती ओव्हनमध्ये आकार बिघडवते. मग बलक आणि व्हॅनिला घाला. मैदा आणि मीठ एकत्र चाळून दोन भागांत मिसळा.

आता हात आवरायचा. कोरडा मैदा दिसेनासा झाला की थांबा. मैद्याला पाणी मिळालं आणि वर मळणं झालं की ग्लुटेन, म्हणजे पिठातल्या प्रथिनांचं चिवट जाळं, तयार होतं. ब्रेडला ते हवंच असतं, पण इथे पारी वातड होते आणि लाटली तरी आक्रसून परत येते. गोळ्याचे दोन भाग करा, प्रत्येक भाग २ सेंटिमीटर जाडीचा चपटा दाबून गुंडाळा आणि किमान तासभर फ्रीजमध्ये ठेवा. जाड गोळा तसाच ठेवला तर बाहेरून कडक होतो आणि आतून मऊच राहतो. हे पीठ फ्रीजमध्ये दोन दिवस चांगलं राहतं.

सारण

सुरुवात खजुराने करा. सगळ्या सारणांत हे शहाणं. बिया काढलेला खजूर २५० ग्रॅम बारीक चिरा. त्यात ६० मिलिलिटर पाणी, टेबलस्पूनभर बटर, चिमूटभर मीठ आणि अर्धा टीस्पून दालचिनीची पूड घालून मंद आचेवर ६ ते ८ मिनिटं घोटत राहा. लिंबाचा रस टीस्पूनभर घाला, पण गॅस बंद केल्यावर. सारण झालं की नाही हे तव्याच्या तळावर कळतं. उलथनं मधून ओढलं की तळ दिसला पाहिजे आणि ती वाट तीन-चार सेकंद उघडी राहिली पाहिजे. लगेच भरून आली तर अजून आटवा. पूर्ण थंड झालं की ७-८ ग्रॅमच्या छोट्या गोळ्या वळून ठेवा. गोळ्या केल्या की भरण्याचं काम निम्म्या वेळात होतं आणि ‘अजून थोडं घालू’ हा मोहही आवरतो.

जॅमची गोष्ट वेगळी. जॅम शिजवताना साखरेचं प्रमाण साधारण ६५ टक्क्यांवर आणि तापमान १०४-१०५ अंशांवर पोचलं की तो सेट होतो. तो चमच्यावर घट्ट दिसला तरी ओव्हनमध्ये पातळ होणारच. म्हणून २०० ग्रॅम जॅम छोट्या भांड्यात चार-पाच मिनिटं आणखी आटवून घ्या. आटवायचा नसेल तर त्यात दोन टेबलस्पून बदामाची पूड किंवा साध्या बिस्किटांचा चुरा घाला, तो ओलावा धरून ठेवतो. कॉर्नफ्लोअरही चालतं: टीस्पूनभर कॉर्नफ्लोअर दोन टीस्पून पाण्यात कालवून जॅममध्ये घाला आणि उकळी आल्यावर मिनिटभर ढवळा. न उकळता घातलं तर घट्टपणा येत नाही, वर कच्ची चव राहते. ‘कमी साखरेचा’ असं लिहिलेला जॅम भाजायच्या बिस्किटांत वापरू नका. त्यात पाणी जास्त असतं. जोडबिस्किटांना तो चालेल, तोही त्याच दिवशी संपणार असेल तर.

ताजं फळ कच्चं कधीही भरू नका. साखर लागली की फळाला पाणी सुटतं, आणि ते नेमकं पारीच्या आत सुटतं. सफरचंद वापरायचं असेल तर किसून, साखर घालून, रस पूर्ण आटेपर्यंत परता. चार मोठ्या सफरचंदांचं वाटीभर सारण उरतं, तेव्हा हिशेब आधीच करा.

सुक्या मेव्याचं सारण सगळ्यात आज्ञाधारक. १५० ग्रॅम बदाम किंवा अक्रोडाची पूड, ८० ग्रॅम पिठीसाखर, ३० ग्रॅम मऊ बटर आणि गोळा वळण्यापुरतं चमचा-दीड चमचा दूध. हे ना उकळतं, ना पळतं. फक्त मेवा आधी चाखून पाहा, खवट अक्रोडाची चव कुठल्याही साखरेने झाकली जात नाही. पूड करण्यापूर्वी मेवा १६० अंशांवर ८-१० मिनिटं भाजून घेतला तर चव कितीतरी खुलते. चॉकलेट-हेझलनट स्प्रेड भरायचं असेल तर त्याचे चमचाभर ठिपके कागदावर घालून अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा आणि कडक झालेलेच भरा.

सारण कुठलंही असो, भरण्याआधी ही परीक्षा घ्याच. बटर पेपरवर चमचाभर सारण ठेवून १७५ अंशांवर आठ-दहा मिनिटं ओव्हनमध्ये ठेवा. ढीग ढिगासारखा राहिला तर पुढे चला. पसरून चकती झाली तर ते बिस्किटातूनही तसंच बाहेर येणार, परत गॅसवर चढवा. दहा मिनिटं जातात, पण अख्खा ट्रे वाचतो.

लाटणं, भरणं, काठ

पिठाचा एकच भाग बाहेर काढा, दुसरा फ्रीजमध्येच राहू दे. दोन बटर पेपरच्या मध्ये ठेवून लाटलं की वरून मैदा भुरभुरावा लागत नाही आणि पारी कोरडी पडत नाही. जाडी ३ ते ४ मिलिमीटर. त्याहून पातळ पारी सारणाच्या वाफेने फुटते आणि जाड असली तर खाताना नुसतं पीठच लागतं.

७ सेंटिमीटरच्या चकत्या कापा. चकतीच्या मध्यापासून थोडं एका बाजूला सारण ठेवा, काठावर बोटाने पाण्याचा किंवा अंड्याच्या पांढऱ्याचा अगदी पुसट हात फिरवा आणि दुमडा. दाबताना आतून बाहेर दाबत या: आधी सारणाला लगटून, मग काठाकडे. आत हवा राहिली तर ती तापून फुगते आणि दाबलेला काठ उचकटते. शेवटी काट्याच्या टोकांनी काठ दाबा आणि वर सुरीच्या टोकाने एक छोटी चीर द्या. वाफेला वाट लागतेच. आपण ठेवली नाही तर ती स्वतः करून घेते.

दुमडताना पारीला भेगा पडल्या तर ती जास्त थंड आहे, पाच मिनिटं थांबा. बोटांना चिकटू लागली तर जास्त गरम आहे, ट्रेसकट दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. यात मैदा घालून दुरुस्ती करू नका, चूक तापमानाची असते. उरलेले तुकडे गोळा करून एकदाच परत लाटा. तिसऱ्यांदा लाटलेली पारी कडक होते, ती घरच्या चहासाठी ठेवा.

गुंडाळीसाठी पिठाचा एक भाग ३० × २४ सेंटिमीटर लाटून ८ सेंटिमीटर रुंदीच्या तीन पट्ट्या कापा. प्रत्येकीच्या मधोमध दीड सेंटिमीटर जाडीची सारणाची लांब वळी ठेवा, दोन्ही बाजू वर आणून जोडा, टोकं चिमटा आणि जोड खाली येईल अशी ट्रेवर ठेवा. दोन्ही भागांच्या मिळून सहा गुंडाळ्या होतात, प्रत्येकीचे ३ सेंटिमीटरचे दहा तुकडे, म्हणजे साठ बिस्किटं. सारण मात्र वर दिलेल्या खजुराच्या मापाच्या दीडपट लागतं.

अंगठ्याच्या बिस्किटांसाठी २० ग्रॅमचे गोळे वळून मध्ये खड्डा पाडा, थंड करा आणि आधी रिकामेच आठ मिनिटं भाजा. खड्डा थोडा वर येतो, तो चमच्याच्या पाठीने परत दाबा, अर्धा टीस्पून जॅम घाला आणि आणखी पाच-सहा मिनिटं भाजा.

जे काही घडवलं असेल ते भाजण्याआधी ट्रेसकट २०-३० मिनिटं फ्रीजमध्ये जायलाच हवं. ही पायरी घाईत सगळ्यात आधी गाळली जाते. बटर थंड असेल तर पारी आधी भाजून आकार धरते आणि बटर मग वितळतं. नाहीतर उलट होतं.

भाजणं

ओव्हन १७५ अंशांवर निदान १५-२० मिनिटं आधी तापवा, पंख्याचा असेल तर १६० अंश पुरेत. ओव्हनच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. माझा जुना ओव्हन १७५ म्हणायचा आणि आत दोनशेला टेकायचा. आत ठेवायचा साधा थर्मामीटर घ्या. ट्रे मधल्या कप्प्यात, एका वेळी एकच. काळ्या ट्रेवर तळ लवकर करपतो, त्यावर दोन-तीन मिनिटं कमीच धरा.

पहिल्या खेपेला सगळा ट्रे भरू नका. एकच बिस्किट भाजा, फोडून पाहा आणि मगच बाकीची घाला.

अर्धचंद्रांना १४ ते १६ मिनिटं लागतात, अख्ख्या गुंडाळीला १८ ते २०. दहाव्या मिनिटाला ट्रे फिरवा. घड्याळापेक्षा रंग पाहा: काठ सोनेरी, तळ फिकट तपकिरी आणि वरचा भाग फिकटच. वरूनही गडद हवं असेल तर फेटलेल्या अंड्याचा किंवा दुधाचा हात द्या. प्रथिनं आणि साखर तापून एकत्र आली की हा तपकिरी रंग आणि तो भाजका वास येतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मायार यांनी १९१२ साली ही प्रक्रिया मांडली आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पण रंगाच्या मोहात थांबून राहू नका. बिस्किट बाहेर काढतानाही मऊच असतं, कडकपणा थंड होताना येतो. ‘अजून मऊ आहे’ म्हणून पुन्हा आत ढकललेली बिस्किटं तासाभराने दाताला लागतात.

ट्रेवर पाच मिनिटं राहू द्या, मग जाळीवर काढा. ट्रेवरच ठेवली तर खाली वाफ अडकून तळ ओला होतो. गुंडाळ्या पाच-सात मिनिटांनी, कोमट असतानाच दातेरी सुरीने कापा. थंड झाल्यावर कापल्या की चुरा होतो. पुढचा घाणा गरम ट्रेवर मांडू नका, बटर लगेच वितळतं. आणि निवेपर्यंत कुणाला चाखायला देऊ नका. बाहेरून कोमट लागलं तरी आतला जॅम जीभ भाजतो.

जोडबिस्किटांच्या चकत्या ३ मिलिमीटर जाड, ५ सेंटिमीटरच्या. निम्म्यांना मध्ये छोटं भोक पाडा आणि १७० अंशांवर १० ते १२ मिनिटं भाजा. वरच्या चकत्यांवर पिठीसाखर आधी भुरभुरा, मग जोडा. जॅमवर पडलेली साखर विरघळून डाग दिसतो. आदल्या दिवशीच जोडायची असतील तर खालच्या चकतीला वितळलेल्या चॉकलेटचा पातळ हात द्या. चॉकलेट थिजलं की जॅमचा ओलावा पारीत शिरत नाही.

कोणत्या दिवशी काय

समारंभ रविवारी असेल तर शुक्रवारी सारण आणि पीठ, शनिवारी घडवणं आणि भाजणं. अर्धचंद्र आणि गुंडाळी दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागतात, कारण पारी आणि सारण जरा मिळून येतात. रविवारी सकाळी फक्त जोडबिस्किटं जोडायची.

पंधरा दिवस आधी वेळ असेल तर कच्ची, घडवलेली बिस्किटं ट्रेवर सुटी ठेवून फ्रीझरमध्ये दोन तास कडक करा आणि मग डब्यात भरा. दोन महिने टिकतात. भाजताना बाहेर काढून वितळू देऊ नका, दव धरतं. तशीच ओव्हनमध्ये घाला आणि दोन ते चार मिनिटं जास्त द्या.

भाजलेली बिस्किटं पूर्ण निवल्याशिवाय डब्यात नकोत. खजुराची आठवडाभर छान राहतात, जॅमची चार-पाच दिवस. क्रीम किंवा चीज घातलेली फ्रीजमध्येच ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. खुसखुशीत आणि मऊ प्रकार एकाच डब्यात घातले तर ओलावा इकडून तिकडे जातो आणि सकाळपर्यंत दोन्ही सारखेच सादळलेले असतात. सादळली तर १५० अंशांवर पाच मिनिटं ठेवून निववा. जोडबिस्किटांना मात्र हा उपाय चालत नाही.

घरात सगळ्या वयाची माणसं जमणार, म्हणून दोन दिवस आधीच विचारून घ्या: कुणाला सुका मेवा, अंडं, दूध किंवा गहू चालत नाही का. असेल तर त्यांच्यासाठीची बिस्किटं आधी करा, स्वच्छ भांड्यांत, आणि वेगळ्या डब्यावर नाव लिहून ठेवा. एकच चमचा दोन सारणांत गेला तरी त्या डब्याला अर्थ उरत नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खा मेवा लावलेलं बिस्किट देऊ नका, घशात अडकू शकतो. वर्षाखालच्या बाळाला मध घातलेलं काहीही नको. आणि मदतीला आलेल्या मुलांना कच्चं पीठ चाखू देऊ नका. अंडं नसलं तरी कच्च्या मैद्यात जंतू असू शकतात.

इतकं करूनही चार-पाच बिस्किटं उकलतीलच. ती टाकू नका. निवल्यावर चुरा करून बरणीत भरा आणि फ्रीझरमध्ये ठेवा. पुढच्या वेळी जॅम पातळ निघाला की त्यात घालायला दोन चमचे चुरा लागणारच आहे.